लिहायची राहून गेलेली ओळ

१२ जुलै २०२५ पासून जगभरातल्या काही संकेतस्थळांवर एकाच साच्याच्या विनंत्या येऊ लागल्या. ही सगळी संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीसाठीच्या ‘अलोन’ नावाच्या थीमवर उभी होती. थीम धर्मादाय संस्थांसाठी बनवलेली आणि नऊ हजारांहून अधिक वेळा विकली गेलेली. देणगीचे पान, कार्यक्रमांची यादी, स्वयंसेवकांचे फोटो असे सगळे तिच्यात तयार मिळे. आलेल्या विनंतीचा मजकूर थोडक्यात असा: अमुक पत्त्यावरून ही झिप फाइल उतरवून घे आणि प्लगइन म्हणून बसव. विनंती करणाऱ्याने लॉगिन केलेले नव्हते, कुणाचा पासवर्ड चोरलेला नव्हता. तरीही थीमने सांगितले ते निमूटपणे केले. झिपमध्ये प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जास्तीच्या प्रोग्रामच्या, वेशातली चोरवाट होती. ती एकदा बसली की हल्लेखोराला संकेतस्थळावर हवे ते करता येई: नवा प्रशासक तयार करणे, फाइली बदलणे, देणगीदारांची माहिती उचलणे.

दोष थीमच्या ७.८.३ पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत होता. तो दुरुस्त करणारी ७.८.५ ही आवृत्ती १६ जूनलाच आली होती. दोषाची जाहीर वाच्यता मात्र १४ जुलैला झाली आणि हल्ले त्याआधी दोन दिवस सुरू झाले. याचा उघड अर्थ असा, की हल्लेखोर बातमीची वाट पाहत बसत नाहीत. जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फरक ते स्वतः वाचतात आणि काय दुरुस्त झाले यावरून काय मोडके होते ते ओळखतात. वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने पुढच्या काळात असे १,२०,९०० हून अधिक प्रयत्न अडवल्याची नोंद केली.

या सगळ्याच्या मुळाशी कोणतीही गुंतागुंतीची चूक नव्हती. थीममध्ये प्लगइन बसवणारे एक फंक्शन होते आणि ते आपले काम चोख करत होते. फक्त ‘हे सांगणाऱ्याला प्लगइन बसवण्याचा अधिकार आहे का?’ असे विचारणारी ओळ त्यात नव्हती.

थीम म्हणजे संकेतस्थळाचे रूपडे, रंग आणि अक्षरांची ठेवण, असे बहुतेकांना वाटते. त्यामुळे तिच्याकडून धोका संभवतो हे पटायला जड जाते. प्रत्यक्षात वर्डप्रेसची थीम हा पीएचपी भाषेतला पूर्ण ताकदीचा प्रोग्राम असतो. मूळ वर्डप्रेस, प्लगइन आणि थीम यांच्यामध्ये आत कोणतीही भिंत नाही. जो डेटाबेस वर्डप्रेस वाचते तोच थीमही वाचू शकते, ज्या फाइली वर्डप्रेस लिहू शकते त्या थीमही लिहू शकते. रंग बदलण्यासाठी घेतलेल्या वस्तूच्या हाती सगळ्या किल्ल्या असतात, आणि घेताना हे कुणी सांगत नाही.

वर्डप्रेसमध्ये अधिकारांची व्यवस्था नाही असे मात्र नाही. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये ही प्रणाली सुरू केली, आणि २००५ च्या अखेरीस आलेल्या २.० या आवृत्तीपासून तिच्यात भूमिका आणि क्षमता यांची पद्धतशीर मांडणी आहे. सबस्क्रायबर, कॉन्ट्रिब्युटर, ऑथर, एडिटर आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या तिच्या पाच ठरावीक भूमिका. प्रत्येक भूमिकेला काही क्षमता जोडलेल्या असतात: लेख लिहिणे, फाइल चढवणे, थीमची सेटिंग बदलणे, प्लगइन बसवणे. समोरच्याकडे अमुक क्षमता आहे का हे ‘करंट युजर कॅन’ नावाच्या फंक्शनला विचारायचे, ते हो किंवा नाही असे उत्तर देते. व्यवस्था जुनी आहे, भक्कम आहे आणि वापरायला सोपी आहे. पण ती विचारल्याशिवाय बोलत नाही. कोणत्या कामाआधी कोणता प्रश्न विचारायचा, हे काम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

ओळख पटणे आणि परवानगी असणे या दोन गोष्टींची गल्लत इथे सर्रास होते. सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड दाखवले की आपण सभासद आहोत हे सिद्ध होते. त्या कार्डावर पुस्तक घरी नेता येते, पण ग्रंथपालाच्या टेबलावरची दाखल नोंदवही उघडून त्यात खाडाखोड करता येत नाही. संकेतस्थळावर मात्र लॉगिन झालेला माणूस म्हणजे आपला माणूस, असे गृहीत धरून लिहिलेला कोड ढिगाने सापडतो. ज्या संकेतस्थळावर नोंदणी सर्वांना खुली आहे, तिथे सबस्क्रायबर व्हायला एक ईमेल पुरतो. ऑनलाइन दुकानाचा प्रत्येक ग्राहक लॉगिन झालेला असतो. लॉगिन एवढाच निकष धरला, तर कालच नोंदणी केलेला अनोळखी माणूस आणि संकेतस्थळाचा मालक यांच्यात फरक उरत नाही.

आता प्रत्यक्ष यंत्रणा पाहू. पान पुन्हा न उघडता पडद्यामागे काम व्हावे, यासाठी वर्डप्रेसमध्ये ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ नावाची एक फाइल आहे. थीमने आपले फंक्शन तिच्याशी जोडायचे दोन मार्ग, म्हणजे दोन ‘हुक’, आहेत. ‘डब्ल्यूपी एजॅक्स’ या नावाने सुरू होणारा हुक लॉगिन झालेल्या कुणासाठीही चालतो, आणि त्यात ‘नोप्रिव्ह’ हा शब्द घातलेला हुक लॉगिन न झालेल्यांसाठी. शोधपेटी किंवा ‘आणखी लेख दाखवा’ अशा गोष्टींना दुसरा मार्ग लागतोच. पण प्रोग्रामर घाईत दोन्ही हुक एकाखाली एक चिकटवतो, कारण तसे केले की काहीच अडत नाही. अलोन थीममधले प्लगइन बसवणारे फंक्शन असेच लॉगिनशिवाय हाक मारता येईल अशा जागी होते.

बटण लपवले म्हणजे काम सुरक्षित झाले, हा त्याला लागूनच असलेला गैरसमज. प्रशासकाच्या पडद्यावर ‘डेमो आयात करा’ असे बटण दिसते आणि इतरांना दिसत नाही. पण बटण ही केवळ विनंती पाठवायची सोय आहे. तीच विनंती ब्राउझरला बगल देऊन कुणीही हाताने लिहून पाठवू शकतो, आणि सर्व्हरला त्या दोन्हींत काही फरक दिसत नाही. त्यामुळे तपासणी पडद्यावर असून भागत नाही, ती काम होते तिथेच असावी लागते.

या क्षेत्रातली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे ‘इज अ‍ॅडमिन’ हे फंक्शन. नावावरून वाटते की समोरचा प्रशासक आहे का हे ते सांगत असावे. प्रत्यक्षात विनंती प्रशासन विभागातल्या पत्त्यावर आली आहे का, एवढेच ते सांगते. अ‍ॅडमिन-एजॅक्स ही फाइल त्याच विभागात मोडते, म्हणून तिथे आलेल्या अगदी परक्या माणसासाठीही त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘अ‍ॅडमिन इनिट’ या हुकचेही तेच. तो प्रशासन विभाग उघडताना चालतो, म्हणजे लॉगिन झालेल्यासाठीच चालत असणार, असे वाटते. पण अ‍ॅडमिन-एजॅक्सला आलेल्या प्रत्येक विनंतीत, लॉगिन असो वा नसो, तो चालतो.

या एका गैरसमजाची किंमत फेब्रुवारी २०२० मध्ये दिसली. थीमग्रिल या थीम बनवणाऱ्या कंपनीचे, डेमो मजकूर आयात करणारे एक प्लगइन सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर होते. संकेतस्थळ कोरे करून पुन्हा सुरुवात करण्याची सोय त्यात होती आणि ती अ‍ॅडमिन इनिटला जोडलेली होती. परवानगीची तपासणी नव्हती. बाहेरच्या कुणीही ठरावीक शब्द जोडून एक विनंती पाठवली की संपूर्ण डेटाबेस पुसला जाई. संकेतस्थळावर ‘अ‍ॅडमिन’ नावाचा सदस्य असेल, तर विनंती पाठवणारा त्याच्या नावाने आत लॉगिनही होई. वर्षांचे लेख, छायाचित्रांच्या नोंदी, प्रतिक्रिया हे सगळे एका विनंतीसरशी नाहीसे. दुरुस्ती १.६.२ या आवृत्तीत आली, पण १.३.४ पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत दोष होता. इतका काळ लाखो लोक ते प्लगइन वापरत होते आणि त्यांना सगळे ठीक चालल्याचेच दिसत होते.

माझ्या मते या दोषाचे खरे अवघडपण इथेच आहे. इतर चुका स्वतःहून बोलतात. हिशेब चुकला तर आकडा चुकीचा दिसतो, फाइल सापडली नाही तर पान कोरे येते. परवानगीची तपासणी राहिली तर काहीच बिघडत नाही. मालक बटण दाबतो, काम होते. ग्राहक खूश, प्रोग्रामर खूश, चाचणी हिरवी. योग्य माणसाने योग्य काम करून पाहिले तर हा दोष कधीच सापडणार नाही. तो पाहायचा तर चुकीच्या माणसाची भूमिका घेऊन काम अडते का, हे पाहावे लागते. वेळेच्या दडपणाखाली हीच चाचणी सगळ्यात आधी गाळली जाते.

सावध प्रोग्रामरही फसतात ते नॉन्समुळे. नॉन्स म्हणजे वर्डप्रेसने पानात पेरलेला एक छोटा सांकेतिक शब्द. तो साधारण चोवीस तासांपर्यंत चालतो. विनंती आपल्याच पानावरून आली आहे, दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळाने प्रशासकाच्या नकळत त्याच्या ब्राउझरकडून करवून घेतलेली नाही, एवढी खात्री तो देतो. हे काम महत्त्वाचेच आहे. पण समोरच्याला अधिकार आहे की नाही, याबद्दल नॉन्स काही सांगत नाही. लॉगिन न झालेल्या सर्व पाहुण्यांना तर एकाच कामासाठी एकच नॉन्स मिळतो, कारण वर्डप्रेसच्या लेखी त्या सगळ्यांचा सदस्य क्रमांक शून्य असतो. अधिकार ठरवण्यासाठी नॉन्सवर विसंबू नका, असे वर्डप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे.

तरी तेच घडले. ब्रिक्स ही पाने रचण्याची सोय देणारी लोकप्रिय थीम. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यात असा दोष सापडला, की कुणीही बाहेरून पीएचपी कोड पाठवावा आणि सर्व्हरने तो चालवावा. त्या वाटेवर परवानगी तपासणारे फंक्शन होते, नावही तसेच होते. पण आत ते फक्त नॉन्स तपासत होते, आणि तो नॉन्स संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या कोडमध्ये उघड छापलेला असे. १३ फेब्रुवारीला १.९.६.१ ही दुरुस्त आवृत्ती आली आणि लगेचच हल्ले सुरू झाले. मला हे उदाहरण अलोनपेक्षाही अधिक बोलके वाटते. तिथे पहारेकरीच नव्हता. इथे तो होता, पण भलताच प्रश्न विचारत होता.

मूळ वर्डप्रेसही यातून सुटलेले नाही, हे सांगणे न्याय्य ठरेल. ४.७.० आणि ४.७.१ या आवृत्त्यांत, लेख बदलण्याच्या विनंतीत क्रमांकासोबत एखादे अक्षर जोडले की परवानगी तपासणाऱ्या भागाला तसा लेखच सापडत नसे आणि तो विनंती पुढे जाऊ देई. पुढचा भाग मात्र अक्षर गाळून फक्त क्रमांक घेई आणि तो लेख बदलून टाकी. दुरुस्ती २६ जानेवारी २०१७ रोजी आली आणि संकेतस्थळांना आपोआप अद्ययावत व्हायला वेळ मिळावा म्हणून दोषाचा तपशील १ फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवला गेला. तरी ज्यांनी आवृत्ती बदलली नव्हती त्यांची लाखो पाने विद्रूप झाली. शोधणारा डोळा आणि बदलणारा हात एकाच वस्तूकडे पाहत नसतील, तर तपासणी असूनही नसल्यासारखीच.

थीममध्येच हे इतके का होते, याचे कारण बाजारात आहे. थीम विकली जाते ती डेमो पाहून. ग्राहकाला एका क्लिकमध्ये तसेच संकेतस्थळ हवे असते. म्हणून थीम स्वतःच प्लगइन बसवते, मजकूर आयात करते, सेटिंग लिहिते. ही सगळी जबरदस्त अधिकाराची कामे, आणि ती लिहिणाऱ्या चमूचे मुख्य कसब रचनेचे. शिवाय एकाचा कोड दहा जण उचलतात. एप्सिलॉन फ्रेमवर्क या सामायिक सांगाड्यात असाच दोष होता. लॉगिनशिवाय आत कोणते फंक्शन चालवायचे ते पाठवणाराच ठरवू शके. शेपली, न्यूजमॅग, अ‍ॅक्टिव्हेलो, इल्डी अशा पंधरा थीम एकाच वेळी उघड्या पडल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये या थीमच्या शोधात पंधरा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ७५ लाखांपेक्षा जास्त हल्ले झाल्याचे वर्डफेन्सने नोंदवले.

थीमच्या सेटिंग जतन करणारे निरुपद्रवी दिसणारे फंक्शनही घातक ठरू शकते. कोणती सेटिंग बदलायची हे नाव ते विनंतीतून घेत असेल आणि अधिकार विचारत नसेल, तर हल्लेखोर रंग बदलत बसत नाही. तो दोन सेटिंग बदलतो: नोंदणी सर्वांना खुली कर, आणि नव्या सदस्याची भूमिका प्रशासक ठेव. मग रीतसर नोंदणी करून आत येतो. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स’ या प्लगइनमधल्या दोषातून नेमके हेच केले गेले.

उपाय लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि तो अवघड नाही, फक्त चिकाटीचा आहे. थीमच्या सगळ्या फाइलींत एजॅक्सचे हुक, अ‍ॅडमिन इनिट आणि रेस्ट मार्गांची (प्रोग्रामनी थेट विनंत्या पाठवायच्या पत्त्यांची) नोंदणी शोधून काढावी. सापडलेल्या प्रत्येक फंक्शनला विचारावे, की तू काय बदलतोस आणि ते कुणाला बदलता यावे? प्लगइन बसवत असेल तर ‘इन्स्टॉल प्लगइन्स’, थीमची मांडणी बदलत असेल तर ‘एडिट थीम ऑप्शन्स’, एकूण सेटिंगला हात लावत असेल तर ‘मॅनेज ऑप्शन्स’ ही क्षमता कामाआधी तपासली पाहिजे. भूमिकेचे नाव तपासू नये, क्षमता तपासावी. एखाद्या संकेतस्थळाने भूमिका बदलल्या असल्या तरी क्षमता खरे सांगते. विशिष्ट लेखाबद्दल काम असेल तर त्या लेखाचा क्रमांक देऊन विचारावे. ‘लेख संपादित करता येतात का’ याला कॉन्ट्रिब्युटरसाठीही उत्तर होकारार्थी येते, कारण त्याला स्वतःचे मसुदे बदलता येतात. ‘हा लेख संपादित करता येतो का’ असे विचारले तरच दुसऱ्याचा लेख सुरक्षित राहतो.

परवानगी नसेल तर काम तिथेच थांबले पाहिजे. नुसते दुसऱ्या पानाकडे वळवून भागत नाही. वर्डप्रेसचे ‘डब्ल्यूपी रीडायरेक्ट’ हे फंक्शन ब्राउझरला वळवते, पण त्याखालच्या ओळी चालूच राहतात, म्हणून लगेच ‘एक्झिट’ लिहावे लागते. रेस्ट मार्गांसाठी परवानगी तपासणारे फंक्शन देणे २०२० मधल्या ५.५ या आवृत्तीपासून अपेक्षित आहे आणि ते नसेल तर इशारा येतो. तो इशारा गप्प करायला अनेक जण ‘नेहमी हो म्हण’ असे तयार फंक्शन तिथे टाकून मोकळे होतात. खरोखर सार्वजनिक माहितीसाठी ते योग्य आहे, बदल करणाऱ्या मार्गासाठी अजिबात नाही.

आणि मग चाचणी. एक सबस्क्रायबर तयार करावा, त्याच्या नावाने प्रशासकाची प्रत्येक विनंती पाठवावी, मग लॉगिन न करता पाठवावी. दोन्ही वेळा नकार आला पाहिजे. कोड तपासणारी साधने इथे पुरी पडत नाहीत. नॉन्स तपासला नाही हे ती दाखवू शकतात, पण अमुक कामाला कोणता अधिकार हवा हे ठरवायला कामाचा अर्थ कळावा लागतो.

संकेतस्थळाच्या मालकाला कोड वाचता येत नसला तरी त्याच्या हाती बरेच असते. आपल्याकडे शाळा, गावोगावची वृत्तपत्रे, सहकारी संस्था यांची कितीतरी संकेतस्थळे वर्डप्रेसवर आहेत, आणि ती एकदा बनवून घेतली की वर्षानुवर्षे तशीच राहतात. बाजारातून विकत घेतलेली थीम परवाना जोडलेला नसेल तर अद्ययावत होत नाही. फुकटात मिळवलेली चोरटी प्रत कधीच होत नाही, आणि अनेकदा तिच्यात चोरवाट आधीच बसवलेली असते. बनवून देणाऱ्याने मूळ थीममध्येच बदल केले असतील तर नवी आवृत्ती ते पुसून टाकेल, या भीतीने कुणी तिला हात लावत नाही. म्हणून काम देतानाच बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये, करण्याची अट घालावी आणि परवाना संस्थेच्या नावावर घ्यावा. वापरात नसलेल्या थीम बंद ठेवण्यापेक्षा काढून टाकाव्यात. नोंदणीची गरज नसेल तर ती बंद करावी.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. प्लगइन बसवणे बंद करणारी एक ओळ वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये लिहिता येते आणि ती अनेक जण सुचवतात. ती चांगलीच आहे, पण ती अधिकारांच्या व्यवस्थेतूनच ‘नाही’ म्हणते. ज्या फंक्शनने अधिकार विचारलेलाच नाही, त्याला हा नकार ऐकू येत नाही. अशा वेळी खरा अडसर सर्व्हरवर असतो. प्लगइनच्या फोल्डरमध्ये वेब सर्व्हरला लिहिण्याची मुभाच काढून घेतली आणि अद्ययावत करण्याचे काम वेगळ्या खात्यातून केले, तर अलोनमधल्यासारखा हल्ला फाइल ठेवायलाच जागा न मिळाल्याने अडतो. यात रोजची थोडी गैरसोय आहे, पण ज्या संस्थेकडे लोकांची माहिती आहे तिने ती सोसावी असे मला वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

घुसखोरी होऊन गेली असेल, तर नुसती थीम अद्ययावत करून चालत नाही. दार आता बंद झाले तरी आत आलेला आतच असतो. प्रशासकांची यादी थेट डेटाबेसमध्ये पाहावी, कारण पडद्यावरून नावे लपवणारा कोड हल्लेखोर टाकू शकतात. ‘एमयू-प्लगइन्स’ हे फोल्डर उघडून पाहावे. त्यातल्या गोष्टी आपोआप चालतात आणि प्लगइनच्या नेहमीच्या यादीत येत नाहीत. सेटिंग फाइलमधल्या गुप्त कळा बदलल्या की सगळ्यांचे लॉगिन एकदम रद्द होतात, त्यानंतर पासवर्ड बदलावेत. घुसखोरीच्या आधीची प्रत असेल तर ती बसवून, आधी थीम दुरुस्त करून, मगच संकेतस्थळ लोकांसाठी उघडावे. भारतातल्या कंपन्यांवर आणि सरकारी संस्थांवर आणखी एक जबाबदारी आहे. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, संकेतस्थळातली घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिची खबर द्यावी लागते. त्यामुळे सर्व्हरच्या नोंदी साफसफाईच्या भरात पुसू नयेत, आधी त्यांची प्रत बाजूला काढावी.